व्हॅम्पायर मारणारा पोरगा सारखी भाषणं ठोकतो, काय करू?

रातआंधळी

मंडळी, लेखनाचा प्रश्न आहे, जरा लांबण लागेल.

पुण्यातल्या एका छोट्या गेम स्टुडिओसाठी कथा लिहितेय. काळ १७३२ चा जानेवारी, जागा सर्बियातलं मेद्वेजा, पश्चिम मोरावा नदीकाठचं गाव. १७१८ च्या तहानंतर तो मुलूख तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे गेला होता आणि सरहद्द राखायला ऑस्ट्रियाने हायदुक लोक बसवले होते. म्हणजे अर्धे शेतकरी, अर्धे शिपाई, घरात बंदूक असलेले. या गावात १७३१ च्या अखेरीस तीन महिन्यांत सतरा माणसं गेली. बरीचशी दोन-तीन दिवसांच्या आजारात. गावकरी म्हणाले, व्हॅम्पायर. सरकारने लष्करी सर्जन फ्ल्यूकिंगरला पाठवलं, त्याने कबरी उकरून अहवाल लिहिला, तो युरोपभर गाजला. हे सगळं खरं घडलेलं.

त्या अहवालात स्तानोयका नावाची एक तरुण सून आहे. रात्री धडधाकट झोपली, मध्यरात्री किंचाळत उठली आणि म्हणाली, नऊ आठवड्यांपूर्वी मेलेल्या मिलोयेने माझा गळा दाबला. तीन दिवसांत गेली. मिलोये एका हायदुकाचा मुलगा.

माझा नायक या मिलोयेचा धाकटा भाऊ. तो अहवालात नाही, मी घातलाय. वय सतरा. भाऊ गेला, गाव भावालाच खुनी म्हणतंय, आणि हा पोरगा व्हॅम्पायर मारत सुटतो. आतून द्वेषाने पेटलेला आणि मनात पक्कं की हे सगळं माझ्यामुळे झालं, मी त्या रात्री दाराला अडसर घातला नाही.

अडचण अशी की तो तोंड उघडतो आणि नाटक सुरू होतं. "मी एकेकाला शोधून संपवीन! माझ्या भावाचं रक्त माझ्या हातांवर आहे!" लिहिताना मलाच डब केलेला सिनेमा ऐकू येतो. संवाद कमी केले तर नुसता घुम्या होतो. आर्टवाल्यांनी त्याला घोट्यापर्यंतचा काळा चामडी कोट देऊन ठेवलाय, त्यात तो आणखीच पोज दिल्यासारखा दिसतो. वरिष्ठ म्हणतात, घरचे मेलेत ना, झालं की कारण, पुढे चला.

मला तो खरा हवाय. मानसशास्त्र, इतिहास, वैद्यकी, कुठूनही सांगा.

---

झणझणीत

सर्बिया कशाला? आपल्याकडे वेताळ, हडळ, मुंजा, ब्रह्मसमंध अशी फौज उभी आहे. तुमचा पोरगा कोकणातला करा, पिंपळाखाली बसवा, सगळ्यांना कळेल. परदेशी भुतांचं कौतुक कधी संपणार कुणास ठाऊक.

---

रातआंधळी

@झणझणीत, मुंजाला उकरता येत नाही हो. आपल्याकडे बहुतेकांचं दहन होतं, पुराव्याला मागे काही उरत नाही. माझी सगळी गोष्ट प्रेतावर उभी आहे. कबर उघडायची, आत बघायचं, आणि जे दिसेल त्यावरून कोण दोषी ते ठरवायचं. पिंपळाखाली ते कसं जमवू?

---

बेलग्रेडकर

कामानिमित्त इथे राहतो, हा विषय माझ्या आवडीचा. दोन-तीन गोष्टी.

अडसर काढून टाका. इथल्या लोककथांतला व्हॅम्पायर दार उघडं मिळालं म्हणून आत शिरणारा परका नाही. तो घरचाच असतो. बायकोकडे येतो, भावाकडे येतो, शेजाऱ्याच्या छातीवर बसतो. १७२५ साली किसिल्येवो गावात पेतार ब्लागोयेविच मेला, आठवड्याभरात आणखी नऊ जण गेले. त्याच्या बायकोने सांगितलं, नवरा आला होता, आपल्या वहाणा मागत होता. ती गाव सोडून गेली. काळा झगा, सुळे हे सगळं पुढच्या शतकातल्या लेखकांचं काम. त्यामुळे तुमच्या पोराच्या द्वेषाला बाहेरचा शत्रूच नाही. ज्याचा द्वेष करायचा तो कालपर्यंत ताटाला ताट लावून जेवत होता. भाषण ठोकायची सोयच राहत नाही.

आता अपराधाची जागा. तुमच्या अहवालातच आहे की! पाच-सहा वर्षांपूर्वी त्याच गावात आर्नोल्ड पावले नावाचा हायदुक गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला. जिवंत असताना तो सांगायचा, तुर्की मुलखात मला एका व्हॅम्पायरने छळलं, मग मी त्याच्या कबरीतली माती खाल्ली आणि त्याचं रक्त अंगाला फासलं. मेल्यावर तो लोकांना दिसू लागला, चौघे गेले, चाळीस दिवसांनी त्याला उकरून छातीत खुंटा ठोकला तेव्हा म्हणे तो कण्हला. गावाचा पुढचा तर्क असा: पावलेने गुरांनाही धरलं होतं, त्या गुरांचं मांस ज्यांनी खाल्लं तेही मेल्यावर उठणार. १७३१ ची लाट मिलित्सा नावाच्या साठीच्या बाईपासून सुरू झाली असं गाव मानायचं, कारण तिने व्हॅम्पायरने मारलेल्या मेंढ्यांचं मांस खाल्लं होतं.

तर दार सोडा, मेंढी घ्या. मिलोयेला ते मटण तुमच्या पोरानेच खायला घातलं असेल तर?

आणि एक टोचणारी गोष्ट. मेद्वेजात मुंडकी तोडायचं आणि प्रेतं जाळायचं काम हायदुकांनी केलंच नाही, ते तिथल्या रोमा (जिप्सी) लोकांकडून करून घेतलं. राख मोरावात टाकली. घाण काम कुणाच्या वाट्याला येतं हे आपल्याला समजावून सांगायला नको. हायदुकाचा पोरगा स्वतः कुऱ्हाड घेऊन कबरीत उतरला तर गाव त्याला शूर म्हणणार नाही, बापाची मान खाली जाईल. हे वापरा.

---

निवृत्त_डॉक्टर

सगळी नोकरी ग्रामीण रुग्णालयात झाली, शवविच्छेदनं भरपूर केली. हा अहवाल फार मागे इंग्रजीतून वाचला होता. अगदी पंचनाम्याच्या थाटाचा आहे, आणखी दोन सर्जन आणि दोन अधिकाऱ्यांच्या सह्यांसकट. निरीक्षणं चोख, निष्कर्ष चुकलेला.

तोंडा-नाकातून लाल काळपट द्रव येतो, तो कुजण्यातून निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने. नवीन कातडी, नवीन नखं म्हणतात ते म्हणजे वरची त्वचा सुटून खालचा गुलाबी थर उघडा पडणं. मिलित्सा जन्मभर काटकुळी होती आणि कबरीत गुबगुबीत सापडली, याचं गावाला केवढं आश्चर्य वाटलं! पोट फुगलं होतं, दुसरं काय. छातीत खुंटा मारला की आतली हवा घशातून बाहेर पडते, आवाज येतो. नवख्या वॉर्डबॉयला हे आवाज ऐकून पळताना पाहिलं आहे.

न्यायवैद्यकात एक जुना ठोकताळा शिकवतात: उघड्यावर एक आठवडा, पाण्यात दोन, जमिनीखाली आठ. या हिशेबाने आठ-नऊ आठवडे पुरलेलं प्रेत म्हणजे उघड्यावरचं आठवड्याचं. त्यात हिवाळा. ते 'ताजं' सापडलं यात नवल काही नाही. उलट मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: सगळीच तशी सापडली नाहीत. गावच्या म्होरक्याची बायको आणि तिचं तान्हं मूल, शेजारच्याच मातीत, पूर्ण कुजलेली निघाली. त्यांना निर्दोष ठरवून परत पुरलं. एकाच जमिनीत दोन प्रेतं वेगवेगळ्या गतीने कुजतात. वय, चरबी, ताप होता का, किती खोल पुरलं, कशात गुंडाळलं, सगळ्याचा फरक पडतो. गावाला मात्र त्यात निकाल दिसला.

---

अनुराधा_स

मी समुपदेशक आहे. केसेस सांगणार नाही, पण हा पोरगा ओळखीचा वाटला.

रोनी जॅनॉफ-बुलमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली स्वतःला दोष देण्याचे दोन प्रकार वेगळे केले. एक कृतीचा: मी अमुक केलं म्हणून झालं. दुसरा स्वभावाचा: मी आहेच असा, म्हणून झालं. पहिल्यात निदान पुढच्या वेळी वेगळं वागण्याची वाट उरते. दुसऱ्यात काहीच उरत नाही. तुमचा नायक भाषण ठोकतो कारण तुम्ही त्याला थेट दुसऱ्यात नेऊन बसवलंय, "माझ्या हातांवर रक्त" वगैरे. त्याला पहिल्यात ठेवा. मेंढी फार चांगली सूचना आहे. छोटी, ठरावीक, नेमकी कृती. अशी माणसं "माझी चूक" म्हणत नाहीत. ती तो प्रसंग पुन्हा पुन्हा क्रमाने सांगतात आणि प्रत्येक वेळी एका जागी अडखळतात. अपघातात मुलगा गमावलेला बाप "मी पापी" म्हणत नाही. तो म्हणतो, पावणेआठला निघणार होता, मी चहा घेऊन जा म्हटलं.

दुसरं जरा पटवून घ्यावं लागेल. हा दोष त्याला नुसता त्रास देत नाही, आधारही देतो. "मी मटण वाढलं म्हणून भाऊ गेला" यात निदान जगाला काही नियम आहे. मी वाढलं नसतं तर तो जगला असता. याउलट "कुणी काहीही केलं असतं तरी तो गेलाच असता" हे वाक्य सतराव्या वर्षी पेलत नाही. म्हणून कुणी प्रेमाने "तुझा काय दोष रे" म्हटलं की तो चिडणार. घट्ट धरलेली एकमेव गोष्ट काढून घेतल्यासारखं वाटतं त्याला. आईचा असा एक प्रसंग लिहून बघा.

द्वेषाचंही तेच. आघातोत्तर तणावाच्या (पीटीएसडी) निकषांत २०१३ पासून स्वतःला किंवा इतरांना विपर्यस्तपणे दोष देत राहणं हे लक्षण लिहिलेलं आहे, दोन्ही एकाच ओळीत. आमच्याकडे येणाऱ्यांमध्येही ते आलटून पालटून दिसतं. सकाळी मी नालायक, संध्याकाळी ती शेजारीण नालायक. तुमच्याकडे शेजारीण तयारच आहे. मिलित्सा.

---

प्रॉव्हिडन्सकर

उशिरा आले. इथे अमेरिकेत, आमच्या ऱ्होड आयलंडमध्येच एक्झिटर गावात १८९२ साली असं घडलंय, मेद्वेजानंतर एकशे साठ वर्षांनी. ब्राउन कुटुंबात क्षयाने १८८३ मध्ये आई गेली, पुढच्या वर्षी थोरली बहीण. भाऊ एडविन आजारी पडला, हवापालट म्हणून कोलोरॅडोला गेला. तेवढ्यात धाकटी मर्सी एकोणीस वर्षांची गेली. शेजाऱ्यांनी बापाला सांगितलं, मेलेल्यांपैकी कुणीतरी एडविनला खातंय. बापाचा विश्वास नव्हता तरी परवानगी दिली. १७ मार्चला तिघींना उघडलं. आई आणि थोरली, नुसते अवशेष. मर्सी दोन महिन्यांची, गोठवणाऱ्या थंडीत दगडी खोलीत ठेवलेली, साहजिकच शाबूत. डॉक्टरने सांगितलं, हे नैसर्गिक आहे, फुप्फुसात क्षयाच्या खुणा आहेत. कोणी ऐकलं नाही. काळीज आणि यकृत दगडावर जाळलं आणि राख पाण्यात कालवून भावाला पाजली. एडविन २ मेला गेला. रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू दाखवला होता त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

द्वेष त्या घरात कुणाचाच नव्हता, आणि मला तेच जास्त भयंकर वाटतं. तुमच्या गेममध्ये असा एक तरी माणूस ठेवा, ज्याला काही पटलेलं नाही आणि तरी तो फावडं हातात देतो. पोराचा बापच घ्या.

---

रातआंधळी

तुम्ही सगळ्यांनी माझी रात्र खाल्लीत. अडसर गेला. हा तुकडा बघा:

"मेंढी त्यानेच आणली होती. वाड्याच्या कडेला मरून पडलेली, अजून कोमट. आई म्हणाली, कुत्र्यांना टाक. त्याने सोलली. मिलोये रात्रभर पहाऱ्यावर होता, आला तो भुकेला. दोनदा मागून घेतलं. तिसऱ्यांदा त्याने मागितलं नाही, याने आपणहून वाढलं."

यात तो एक शब्द बोलत नाही आणि तरी घुम्या वाटत नाही, असं मला तरी वाटतंय. चुकत असेन तर सांगा.

---

अनुराधा_स

तिसऱ्यांदा वाढणं हीच अडखळायची जागा. तिथून हलू नका. पुढे त्याला कुणाला हाताने जेवायला वाढू देऊ नका, पण का ते सांगूही नका. पंगतीत बसतो, पळी पुढच्याकडे सरकवतो, बस. खेळणाऱ्याच्या लक्षात येईल, नाही आलं तरी चालेल.

---

झणझणीत

मुंजा मागे घेतो. पण हा गेम आहे ना? मेंढी सोलली, वाढली, रडला. खेळायचं काय? शिकारी म्हटला की चार मुडदे तरी पडले पाहिजेत.

---

रातआंधळी

@झणझणीत, बरोबर विचारलंत, वरिष्ठही हेच विचारणार. डॉक्टरांच्या प्रतिसादावरून असं सुचतंय: प्रत्येक कबर हा एक डाव. फावडं खेळणाऱ्याच्या हातात. उघडलं की निरीक्षण करायचं: नखं, तोंड, पोट, कातडी. मग ठरवायचं, जाळायचं की परत पुरायचं. पहिल्या तीन-चार कबरी 'ताज्या' निघतात. प्रत्येक वेळी पोराला बरं वाटतं, पडद्यावर त्याची झोप वाढलेली दिसते, हात थरथरायचे थांबतात. मिलित्साच्या कबरीत तर तो जवळजवळ हसतो. खेळणाऱ्याला वाटणार, जमतंय.

मग म्होरक्याच्या बायकोची कबर, तान्ह्यासकट. त्याला खात्री असते की मिलोयेला हिनेच धरलं. उघडतो तर पूर्ण कुजलेली. निर्दोष. आता द्वेष न्यायचा कुठे? तिथे तो पहिल्यांदा मेंढीचं बोलतो, तेही प्रेताशी. याच्या पुढे मिलोयेची कबर राहते आणि ती ताजीच निघणार, अहवालात तसंच आहे. म्हणजे इतके दिवस जो नियम लावून तो इतरांना जाळत आला, त्याच नियमाने भाऊ दोषी.

बेलग्रेडकर, एक शंका. भावाला जाळायला तो नकार देऊ शकेल का? म्हणजे गाव देईल?

---

बेलग्रेडकर

गाव देणार नाही. फ्ल्यूकिंगरच्या आधी डिसेंबरात ग्लासर नावाचा साथरोगांचा डॉक्टर येऊन गेला होता. त्याला साथीची खूण दिसली नाही, त्याने बोट ठेवलं कडक उपासांवर आणि कुपोषणावर. गावकऱ्यांनी त्याला सरळ सांगितलं, सरकारने या व्हॅम्पायरांचा बंदोबस्त केला नाही तर आम्ही गाव सोडून जाऊ. घराघरांतून लोक रात्री एकत्र झोपत, काही जागे राहून पहारा करत. सरहद्दीवरचं गाव ओस पडणं ऑस्ट्रियाला परवडणारं नव्हतं. त्यामुळे 'नकार' म्हणजे अख्ख्या गावाला रस्त्यावर आणणं. बंदी यायला अजून तेवीस वर्षं आहेत. ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसाने आपला वैद्य व्हान स्विटेनच्या अहवालानंतर १७५५ मध्ये असं उकरणं, जाळणं थांबवलं. तुमच्या पोराला त्याचा काही उपयोग नाही.

एक पर्याय आहे, वापरायचा तर वापरा. कोसोवोकडच्या रोमा समाजात मानत की व्हॅम्पायर बायकोकडे येऊन तिला मूल झालं तर तो मुलगा व्हॅम्पायर ओळखू शकतो. त्याला बोलावत, पैसे किंवा गुरं देत. तो सदऱ्याच्या बाहीतून दुर्बिणीसारखं बघे आणि न दिसणाऱ्याशी झटापट करे. विसाव्या शतकातही असे विधी झाल्याची नोंद आहे. प्रेत न उकरता निवाडा करणारा माणूस. तुमच्या पोरापुढे असा कुणी आला तर तो काय करेल? शिकारी म्हणून ज्याचा मान आहे तो स्वतः व्हॅम्पायरचाच मुलगा.

---

निवृत्त_डॉक्टर

हे पात्र घ्याच. फक्त त्याच्या तोंडी शहाणपण घालू नका, त्याला मेंढरं मिळतायत, तो धंदा करतोय. आणि मिलोयेच्या कबरीच्या प्रसंगासाठी एक तपशील: स्तानोयकाच्या उजव्या कानाखाली बोटभर लांबीचा निळसर डाग नोंदवलाय. गाव म्हणणार गळा दाबल्याची खूण. प्रेतावर असे डाग रक्त साकळूनही पडतात. पोरगा आपलं बोट त्या डागाशी लावून बघेल, नंतर भावाचं.

---

रातआंधळी

डॉक्टर, हे मी चोरतेय, श्रेयनामावलीत नाव हवं असेल तर कळवा.

बाहीतून बघणारा घेतला. तो मिलोयेच्या कबरीशी येतो, बघतो आणि म्हणतो, इथे कुणी नाही. खरं बोलतोय की बापाने मेंढरं देऊन बोलावलं म्हणून, ते मी उघड करणार नाही. पोरगा सुटला पाहिजे, पण तो त्याच्या अंगावर धावून जातो. अनुराधाताई म्हणाल्या तसं, एकमेव गोष्ट काढून घेतली ना. आणि शेवटी कुऱ्हाड रोमांच्या हातून ओढून स्वतः उतरतो. बाप वर उभा राहून फावडं देतो (प्रॉव्हिडन्सकर, आभार). भाषण शून्य.

एक व्यावहारिक मदत हवी. राख नदीत टाकायचा प्रसंग आहे आणि मला मोरावाचा काठ कसा आहे तेच माहीत नाही. नेटवर सगळे उन्हाळ्यातले फोटो आहेत.

---

बेलग्रेडकर

पुढच्या महिन्यात क्रुशेवाचला काम आहे, त्रस्तेनिक तिथून जवळ, मेद्वेजा त्याच्याच आसपास. थंडीतले फोटो काढून इथेच टाकतो. स्मशानाचे नाही काढणार, गावातल्या लोकांची माणसं आहेत तिथे.

---

रातआंधळी

नदीचेच पुरेत. काठ उतरता आहे की कडा आहे तेवढं दिसू दे, मडकं घेऊन तो पाण्यापर्यंत जाऊ शकतो की वरूनच ओतावं लागतं यावर अख्खा प्रसंग बदलतो. आणि पाणी गोठतं का तेही कुणाला विचारता आलं तर बघा.